आधी आपल्या गावाला दाखव

बेळगावच्या उद्यमबागेत आठवडाभर लेथ, ड्रिल, भट्टी सांभाळायची आणि सुट्टीच्या दिवशी रंगांची पेटी उघडायची, असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी हे सांगणं आहे. पहिलं प्रदर्शन कधी भरवू, बक्षीस कसं मिळतं, मुंबईला चित्र कसं पाठवू, असं तुम्ही विचारता. एकेक करून सगळं सांगतो. पण त्याआधी एक गोष्ट मनात पक्की धर: बक्षीस एकट्याच्या हातात पडतं, चित्रकार मात्र चारचौघांत घडतो. चित्र आधी आपल्या माणसांना दाखव, त्यांच्यातच वाढव आणि मग बाहेर ने.

बेळगावात ही गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली माणसं अजून आहेत. के. बी. कुलकर्णी सरांनी याच गावात राहून 'चित्रमंदिर' चालवलं आणि मुलांचे हात घडवले. १९३५ साली बेळगावात जन्मलेले रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. पुढे मुंबई, नैरोबी, पुणे असा त्यांचा मोठा प्रवास झाला. पण पाया इथला, सरांच्या हाताखालचा. टिळकवाडीला वरेरकर नाट्यसंघातल्या कलादालनाला आज सरांचं नाव आहे. तिथे चित्र लावशील तेव्हा हे नाव कुणाचं, हे तुला ठाऊक असलं पाहिजे.

जवळचं रंगव

व्हेनिसचे कालवे आणि पॅरिसचे रस्ते फोटोवरून रंगवू नको. कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून आले आणि कोटितीर्थ तलावाच्या काठी राहून तोच परिसर पुन्हा पुन्हा रंगवत बसले. सकाळचं पाणी वेगळं, संध्याकाळचं वेगळं, हे एका जागी बसल्याशिवाय कळत नाही.

तुझ्याकडे काय कमी आहे? व्हॅक्सिन डेपोतली झाडं आहेत, कपिलेश्वराचा परिसर आहे, खडेबाजारची गर्दी आहे, किल्ल्याजवळचं तळं आहे. निपाणीकडे गेलास तर तंबाखूच्या वखारी आहेत. किल्ल्यात कमलबस्ती हे जैन मंदिर आहे, त्याचं दगडी छत तर बघतच राहावं असं. मात्र किल्ला आणि कॅम्प भागात बराच परिसर लष्कराचा आहे. तिथे कागद उघडण्याआधी विचारून घे आणि 'नाही' म्हणाले तर निमूट उठ.

आणि खुद्द उद्यमबाग! पावसात भिजलेली पत्र्याची शेड घे. लांबून ती नुसती करडी दिसते. जवळ जा. पत्र्याच्या नाळीनाळीतून गंज खाली ओघळलेला असतो, वर तांबूस आणि खाली उतरता उतरता फिका होत गेलेला. अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना हे दोनच रंग ताटलीत एकत्र कर. निळा जास्त पडला की ओल्या पत्र्याचा करडा मिळतो, सिएना जास्त पडला की गंज. काळी नळी उघडायची गरजच नाही. समोरच्या ओल्या डांबरी रस्त्यावर शेडची सावली उभी उतरते, तिच्या कडा कागद ओला असतानाच सोड. आडवे दोन कोरडे फटकारे मार, की रस्ता सपाट होऊन पसरतो. ही शेड तू रोज बघतोस म्हणून तुझ्या हातून जशी उतरेल तशी दुसऱ्याच्या हातून उतरायची नाही.

पाण्याची वेळ ओळख

जलरंगात पांढरा रंग म्हणजे न रंगवलेला कागद. तो एकदा झाकला की पहिल्यासारखा परत येत नाही. म्हणून ब्रश उचलण्याआधी उजेड कुठे राखायचा ते ठरव. फौंड्रीत वितळलेलं लोखंड साच्यात ओतताना मधेच हात थांबवून चालत नाही, तसंच वॉशचं, म्हणजे पातळ रंगाच्या थराचं आहे. तयारी आधी, ओतणं एका दमात.

आपल्याकडचा पाऊस लक्षात घे. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतच एवढी ओल असते की वॉश किती वेळ ओला राहील त्याचा नेम नसतो. मार्च-एप्रिलमध्ये तोच बघता बघता वाळतो. पावसाळ्यात पाणी कमी घे, रंग थोडा घट्ट ठेव आणि पहिला थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा चढवू नको. हाताची मागची बाजू कागदाला लावून बघ. गार लागला तर आत अजून ओल आहे.

कागद आणि रंग टिकतील असे घे

सराव स्वस्त कागदावर चालेल. प्रदर्शनात लावायचं चित्र मात्र सुती लगद्याच्या, ३०० जीएसएमच्या कागदावर कर. तो कमी फुगतो, कमी वाकतो आणि लवकर पिवळा पडत नाही. कागदाला आतून जी खळ दिलेली असते ती ओलीनं मरते. मग रंग लावला की जागोजागी शाई फुटल्यासारखे डाग उठतात आणि ते कशानेही जात नाहीत. म्हणून कागद जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नको. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून लोखंडी ट्रंकेत ठेव. यंत्रांच्या सुट्या भागांच्या खोक्यांतून सिलिका जेलच्या पुड्या येतात, त्या शॉपमध्ये फेकून देतात. त्या मागून घे आणि ट्रंकेत टाक.

रंगाच्या नळीवर प्रकाशात टिकण्याची खूण असते ती वाच. अमेरिकन मानकाप्रमाणे एक आणि दोन क्रमांकाचे रंग भरवशाचे. अलिझरीन क्रिमझन दिसायला देखणा, पण पातळ वॉशमध्ये उजेडाला उडतो. खात्री करायची तर रंगाची पट्टी ओढ, अर्धी काळ्या कागदानं झाक आणि पश्चिमेच्या खिडकीला लावून काही महिने विसरून जा. झाकलेला आणि उघडा भाग वेगळे दिसले तर तो रंग विकायच्या चित्रात वापरू नको. कुणी कष्टाचे पैसे देऊन चित्र घरी नेतं. ते त्याच्या नातवंडांनाही तसंच दिसलं पाहिजे.

पहिलं प्रदर्शन गावात, आणि चौघांनी मिळून

जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली सुरू झाली. तिथे चित्र लागावं असं प्रत्येकाला वाटतं, पण तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. तेवढा काळ चित्रं कपाटात कोंडून ठेवणार का? गावातल्या दालनात तिघाचौघांनी मिळून भरव. भाडं वाटलं जातं, आणि चार घरची माणसं आली की दालन रिकामं दिसत नाही.

तारीख ठरवताना गणपती टाळ. १९०५ साली टिळकांनी झेंडा चौकात सार्वजनिक गणपती सुरू केला तेव्हापासून त्या दिवसांत बेळगाव दुसऱ्या कशाचं राहत नाही. मुसळधार पावसाचे महिनेही नकोत. डिसेंबर-जानेवारी उत्तम. हवा कोरडी, परगावची माणसं घरी आलेली.

उद्घाटनाला मोठा पाहुणा मिळाला तर चांगलंच. नाही मिळाला तर आपल्या शाळेच्या चित्रकलेच्या सरांना किंवा बाईंना बोलव. ज्यांच्या हाताखाली लोअर, हायरच्या परीक्षा दिल्या त्यांच्यापेक्षा मोठा पाहुणा कोण? एके संध्याकाळी प्रात्यक्षिक ठेव. कोऱ्या कागदावर आभाळ उतरताना बघितलं की माणसं खिळून उभी राहतात. भाषणानं जे होत नाही ते त्या पाऊण तासात होतं. दालनात फोन बघत बसू नको. शॉपमधला हेल्पर बिचकत दारात उभा राहिला तर स्वतः उठून त्याला आत घे, चित्रातली शेड दाखव. कुठली ते तो तुला सांगेल.

भिंतीवर लावताना

चित्राच्या चारी बाजूंना दोन-अडीच इंच पांढरट माउंट सोड. त्यानं डोळ्याला विसावा मिळतो आणि काच चित्राला चिकटत नाही. चिकटली तर पावसाळ्यात बुरशी आलीच म्हणून समज. मागे प्लायवूड थेट लावू नको, आम्लविरहित बोर्ड घाल. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५८ इंचांवर, सगळ्या चित्रांचा एका ओळीत. चाळीस चित्रं कोंबण्यापेक्षा निवडक वीस लाव.

चिठ्ठीवर चित्राचं नाव, माध्यम, आकार, वर्ष आणि किंमत. किंमत काढताना कागद, रंग, माउंट, फ्रेम, दालनाचं भाडं हा खर्च आधी मांड आणि मग आकारानुसार दर ठरव. घरी एक किंमत, दालनात दुसरी, असं कधीच करू नको. ओळखीच्याला भेट द्यायची असेल तर खुशाल दे, पण भाव पाडू नको. तुझ्या शेजारी ज्याचं चित्र लागलंय त्याच्या पोटावर त्यानं पाय येतो.

नाव आणि नोंद

सावळाराम लक्ष्मण हळदणकर सावंतवाडीचे, म्हणजे आपल्या आंबोली घाटाखालचे. हातातल्या दिव्याच्या उजेडात उभी असलेली स्त्री त्यांनी जलरंगात रंगवली. ते चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि त्यासाठी त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. दिव्यावर धरलेल्या बोटांतून उजेड कसा पाझरतो ते बघायला एकदा तरी म्हैसूरला जा. एवढं प्रसिद्ध चित्र, तरी कितीतरी लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात! म्हणून सांगतो, समोर सही आणि मागे पेन्सिलीनं पूर्ण नाव, चित्राचं नाव, साल, कागद, हे लिहिल्याशिवाय फ्रेमवाल्याकडे देऊ नको. एक वही ठेव. चित्राचा क्रमांक, कुठे लागलं, कुणी घेतलं, केवढ्याला, सगळं त्यात. फ्रेम व्हायच्या आधी सावलीतल्या उजेडात, फ्लॅश न मारता, चारी कडा सरळ धरून फोटो काढ.

बक्षिसाकडे कसं बघावं

बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ची. या दुसऱ्या संस्थेच्या स्थापनेत हळदणकरही होते. दोन्ही संस्थांच्या वार्षिक प्रदर्शनांना चित्र पाठव. बंगळूरला कर्नाटक ललितकला अकादमी आहे, चित्रकला परिषदेची जानेवारीत कुमारकृपा रस्त्यावर भरणारी चित्रसंते आहे. कोल्हापुरात शाहू स्मारक भवनाचं कलादालन आहे. आपण सीमेवरचे, म्हणजे दोन्हीकडची दारं ठोठावू शकतो. फक्त फॉर्म नीट वाच. रहिवासाची अट आहे का, जलरंगाचा विभाग वेगळा आहे का, आकाराची मर्यादा किती, हे आधी बघ. कुरिअरनं पाठवताना काच लावू नको, अॅक्रिलिक शीट लाव.

निवड करणाऱ्यांसमोर ढिगानं चित्रं असतात. पहिल्या नजरेत कळेल असा एक उजेड, एक विषय असलेलं चित्र पाठव. परत आलं तर पुढच्या वर्षी नवं पाठव. परीक्षक बदलतात, आणि तुझा हातही वर्षभरात बदललेला असतो.

एक सावधगिरी. प्रवेश फी भरली की भाग घेणाऱ्या प्रत्येकाला 'आंतरराष्ट्रीय पुरस्कार' देणाऱ्या स्पर्धा हल्ली बोकाळल्यात. फॉर्मवर परीक्षकांची नावं नाहीत, चित्रं कुठे लावणार ते सांगितलेलं नाही, तर तिकडे फिरकू नको. त्या पैशात चांगला कागद येतो.

आणि खरंच बक्षीस मिळालं तर आनंदानं घे. घरी पेढे आण, आईच्या पाया पड, सरांना जाऊन भेट. मग लगेच नवं चित्र सुरू कर, आणि बक्षीस मिळालेलंच चित्र पुन्हा पुन्हा काढत बसू नको. त्यानं हात जागच्या जागी गोठतो.

आपलं मंडळ सांभाळ

सुट्टीच्या दिवशी सकाळी एकत्र बाहेर पडा. एकच जागा सगळ्यांनी रंगवा आणि उठण्याआधी चित्रं ओळीनं मांडून बघा. बोलायची रीत पाळा. आधी काय जमलंय ते सांगायचं, मग काय खटकतंय ते, आणि दुसऱ्याच्या चित्राला स्वतःचा ब्रश कधीच लावायचा नाही. वयानं मोठा असला तरी नाही. दाखवायचंच असेल तर वेगळ्या चिठोऱ्यावर दाखव.

मुलींना आणि घरच्या बायकांना वेळ जमेल अशी जागा निवडा, नुसतं बोलावून भागत नाही. मराठी बोलणारा, कन्नड बोलणारा, उर्दू बोलणारा, ज्याच्या हातात ब्रश आहे तो आपला. दुसऱ्याच्या प्रदर्शनात खिळे ठोकायला जा, खुर्च्या लावायला जा. कुणाचं चित्र विकलं गेलं तर तुझंच विकल्यासारखं सांगत सुट. आर्ट सोसायटी असो की चित्रमंदिर, ती उभी राहिली कारण स्वतः उत्तम रंगवणाऱ्या माणसांनी दुसऱ्यांसाठी वेळ काढला. त्यांच्यामुळे आज तुझ्या हातात ब्रश आहे. ते देणं फेडायचं आहे.

म्हणून पुढचं प्रदर्शन भरवाल तेव्हा एक भिंत अशा पोरांसाठी राखून ठेवा ज्यांचं चित्र आजवर कुठेच लागलेलं नाही. त्यांच्याकडून भाडं घेऊ नका, फ्रेम नसेल तर माउंटवर लावा. आणि ती भिंत दारासमोरची असू दे.