आजचे चिंतन : पहिली पायरी (गीता, अध्याय २, श्लोक ६२-६३)



आजचे दोन श्लोक म्हणजे उतरत्या पायऱ्याच आहेत. विषयाचं चिंतन, त्यातून आसक्ती, मग इच्छा. ती अडली की क्रोध, मग मोह, विसर आणि शेवटी बुद्धीचा नाश. लक्षात घ्या, सुरुवात वस्तू घेण्यापासून नाही, तिच्याकडे मन लावून बसण्यापासून आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. माणूस स्क्रीनसमोर किती वेळ थांबला, हे अ‍ॅपवाले मोजत असतात. म्हणजे पहिली पायरी आज चोवीस तास खिशात आहे! कुणाच्या लग्नाचं ड्रोन शूटिंग, कुणाची नवी गाडी. मग आपल्या मोर्शीकडे आंबिया बहार गळाला तरी लग्न लॉनवरच पाहिजे, नाहीतर "लोकं काय म्हणतीन?" लग्न एका दिवसात उरकतं. हप्ते आणि घरातली चिडचिड मात्र राहते.

आपल्याच जिल्ह्यातले गाडगेबाबा (१८७६-१९५६) कीर्तनातून बजावत, कर्ज काढून सण-समारंभ करू नका. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज उभारलं, सामुदायिक प्रार्थना रुजवली. प्रार्थनेत सगळे एकाच रांगेत बसतात. निदान तेवढा वेळ तरी तुलना थांबते.

आजचा अभ्यास : काही घ्यावंसं वाटलं तर स्वतःला विचारा, ही गरज कालही होती का, की आज पाहिल्यावर सुचली? पहिल्या पायरीवरून मागे फिरणं सोपं असतं. खालून वर चढणं फार जड जातं.