तबकडीवरचें गाणें आणि मोबाइलवरचें गाणें

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या हातून एक प्रमाद घडला. आमच्या दिवंगत वडिलांच्या संग्रहांतील नाट्यपदांची एक व्हायनलची तबकडी आम्हीं पुसून पश्चिमेच्या खिडकींत ठेविली, आणि दुपारच्या झोपेंत तिचा आम्हांस साफ विसर पडला. संध्याकाळीं पाहतों तों तिची कड पापडासारखी लहरलेली! आमचा उतरलेला चेहरा पाहून चिरंजीव म्हणाले, "बाबा, हीं सगळीं पदें माझ्या मोबाइलवर आहेत कीं!" आणि अर्ध्या मिनिटांत त्यांनीं पहिलें पद लावूनहि दाखविलें. पद तेंच, गळा तोच, आवाज तर आमच्या तबकडीहून कितीतरी स्वच्छ. मग आमचें गेलें तें काय? विद्यार्थिमित्रांनो, हा प्रश्न आम्हीं पुष्कळ दिवस मनांत घोळविला, आणि त्या निमित्तानें जें वाचलें व करून पाहिलें तें येथें तुमच्यापुढें ठेवीत आहों.

प्रथम तबकडीच हातांत घ्या. उजेडाकडे तिरपी धरली म्हणजे तिच्या अंगावर बारीक वर्तुळें दिसतात. पण तीं वर्तुळें नव्हत. कडेपासून निघून मध्याकडे जाणारी ती एकच सलग खाच आहे. बारा इंची तबकडी मिनिटास ३३ १/३ फेरे घेते. वीस मिनिटांत सुमारें ६६७ फेरे झाले. मधल्या फेऱ्याचा परीघ सुमारें ६४ सेंटिमीटर धरला, तर खाचेची लांबी किती होईल हें गणिताच्या विद्यार्थ्यांनीं काढून पाहावें. ती चारशें मीटरांहून अधिक भरते! धावण्याच्या मोठ्या मैदानाला एक पुरा फेरा घालणारी वाट त्या थाळीएवढ्या जागेंत गुंडाळून ठेविलेली असते. या वाटेच्या भिंती गायकाच्या आवाजाप्रमाणें वळणें घेतात. सुई त्या वळणांवरून जातांना थरथरते, त्या थरथरीची वीज होते, आणि विजेचा पुन्हा आवाज होतो. आवाजाची जी लहर हवेंत होती, तिचीच आकृति येथें कोरलेली असते. मध्यें कोणतीहि सांकेतिक लिपि नाहीं.

या युक्तीचा उगम जुना आहे. एडिसनानें १८७७ सालीं नळकांड्यावर आवाज धरला, व बर्लिनर यानें पुढील दहा वर्षांत सपाट तबकडी काढली. आपल्या देशांत १९०२ च्या नोव्हेंबरांत गायस्बर्ग नांवाचा तंत्रज्ञ कलकत्त्यास आला व त्यानें गोहरजान या गायिकेचें गाणें मुद्रित केलें. गाणें संपतांच तिनें इंग्रजींत स्वतःचें नांव उच्चारलें. कारण तबकड्या छापल्या जात जर्मनींत, हॅनोव्हर येथें, आणि तेथील कारागिरांना हें गाणें कोणाचें हें कळावयास पाहिजे होतें. त्या काळच्या तबकड्या लाखेपासून करीत, आणि ती लाख पुष्कळशी आपल्याच पळसा-बोरांवरच्या किड्यांची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचें गाणें मावे. ज्या ख्यालाला मैफलींत तास लागे, तो तीन मिनिटांत बसवितांना गवयांना काय काय टाकावें लागलें असेल! तरीहि अब्दुल करीम खांसाहेबांच्या त्या आंखूड तबकड्या ऐकाव्या, आणि थोड्या जागेंत केवढें घर बांधतां येतें तें पाहावें. व्हायनलची दीर्घ तबकडी अमेरिकेंत १९४८ सालीं आली, व एका बाजूस वीस-बावीस मिनिटें मिळूं लागलीं.

आतां मोबाइलकडे वळूं. येथें लहर कोरलेली नसते, मोजलेली असते. १९८२ सालीं जी सीडी बाजारांत आली तिच्यांत सेकंदास ४४,१०० वेळां लहरीची उंची मोजतात, व प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एका पायरीवर बसवितात. हें ऐकतांच पुष्कळांची समजूत होते कीं तबकडीची लहर अखंड, आणि डिजिटल लहर जिन्यासारखी तुटक. आम्हीही कित्येक वर्षें वर्गांत असेंच सांगत होतों. ती आमची चूक होती व ती येथें कबूल करतों. लहरीच्या कंपनांच्या दुपटीहून अधिक वेळां मापें घेतलीं, तर त्या मापांवरून मूळची गुळगुळीत लहर जशीच्या तशी उभारतां येते, असा गणिताचा सिद्धांतच आहे. तरुण मनुष्याच्या कानाला फार झालें तर सेकंदास २०,००० कंपनें ऐकूं येतात. तेव्हां ४४,१०० मापें पुरून उरतात.

जें जातें तें मोजण्यांत जात नाहीं, पाठविण्यांत जातें. सीडीच्या दर्जाचें गाणें म्हणजे सेकंदास चौदा लाखांहून अधिक अंक. स्ट्रीमिंग करणाऱ्या कंपन्या बहुधा त्याचे तीन लाख वीस हजार किंवा त्याहूनहि कमी करून पाठवितात. मोठ्या आवाजाच्या पोटांत जो बारीक आवाज कानाला लागतच नाहीं, तो गाळण्याची ही कला आहे, व ती इतकी कुशल आहे कीं चांगल्या कानालाहि गाळलेलें ओळखणें कठीण. शिवाय न गाळतां पाठविणाऱ्या कंपन्याहि आतां आहेत.

उलट तबकडीला स्वतःच्या अडचणी थोड्या नाहींत. ती एकाच गतीनें फिरते. पण बाहेरचा फेरा मोठा व आंतला लहान. त्यामुळें कडेला सुईखालून सेकंदास सुमारें ५१ सेंटिमीटर वाट सरकते, तर मध्याजवळ २१ च. उंच स्वरांचीं बारीक वळणें तेथें दाटीनें बसवावीं लागतात, म्हणून बाजूवरचें शेवटचें गाणें बहुधा किंचित् खरखरीत वाजतें. खर्जाचे स्वर खाचेला फार डोलवितात. म्हणून ते कोरतांना दाबतात व वाजवितांना पुन्हा उचलतात. धुळीचा कण पडला कीं चटका वाजलाच. याला कोणी तबकडीचा 'उबदारपणा' म्हणतात. म्हणोत बापडे, आमच्या मतें त्यांतील बराचसा भाग संवयीचा आहे. आवाजाचा खरेपणा एवढेंच माप लावलें तर पारडें डिजिटलकडे झुकतें, हें मान्य केलेंच पाहिजे.

असें असतां आम्हीं दहावीच्या वर्गांत एक गंमत केली. एकच भैरवी आधीं तबकडीवरून व मग मोबाइलवरून, एकाच ध्वनिक्षेपकांतून, पडद्याआड लावली. तबकडी कोणती हें बहुतेकांनीं ओळखलें, पण तें तिच्या चरचरीवरून. बरें कोणतें, यावर वर्गांत दोन तट पडले. तेव्हां मागच्या बांकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, पहिल्या वेळीं पडद्याआड कांहीं खटपट चालली होती, म्हणून आम्ही आधींपासूनच गप्प बसलों होतों."

आम्हांला वाटतें, त्या मुलीनें वर्माचें बोट धरलें. पाकिटांतून तबकडी काढावी, कडेनें धरावी, पुसावी, सुई जपून टेंकवावी. इतकें केल्यावर मनुष्य सहसा उठून जात नाहीं. मधलें पद नको असलें तरी सुई उचलून नेमकी पुढें ठेवणें जिकिरीचें, म्हणून तो तेंहि ऐकतो. आणि न आवडलेलें पद दहाव्या वेळीं आवडूं लागतें. मोबाइलवर आंगठ्याच्या एका स्पर्शानें गाणें उडतें, आणि आपण कांहींच केलें नाहीं तर पुढचें गाणें यंत्र निवडतें. स्पॉटिफायसारख्या कंपनीच्या हिशेबांत तीस सेकंद वाजलें कीं तें गाणें ऐकलें असें धरलें जातें! तीस सेकंदांत आपल्याकडे तंबोरेहि पुरते जुळत नाहींत.

परंतु पालकांपैकीं जे एवढ्यावरून मुलाच्या हातांतला मोबाइल काढून घेऊं पाहतील, त्यांस आम्ही थांबवूं. आमच्या लहानपणीं तबकड्या होत्या त्या मोजक्या घरीं. आम्ही शेजाऱ्यांच्या पायरीवर बसून गाणें ऐकलें आहे. आज एखाद्या वाडीवरच्या मुलाला शंभर वर्षांपूर्वींचा गवई घरबसल्या ऐकतां येतो. ही सोय लहान नव्हे. मात्र ती भाड्याची आहे हें ध्यानांत असावें. वर्गणी थांबली किंवा कंपनीचा करार संपला, कीं कालचें गाणें आज सांपडत नाहीं. तबकडी आपल्या मालकीची खरी. पण मालक झोंपाळू असला कीं काय होतें तें वर सांगितलेंच.

फार दूरच्या श्रोत्यासाठीं आवाज पाठविण्याची वेळ आली, तेव्हां शास्त्रज्ञांनीं खाचच निवडली. १९७७ सालीं सुटलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली बारा इंची तबकडी आहे. सोबत सुई आहे, व वेष्टनावर ती कशी वाजवावी याचीं चित्रें आहेत. तींत गोव्यांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर यांनीं गाइलेली 'जात कहां हो' ही भैरवी आहे, सुमारें साडेतीन मिनिटांची. त्याच वर्षीं सप्टेंबरांत केसरबाई निवर्तल्या. गंमत अशी कीं तीं यानें आपलीं मापें व चित्रें पृथ्वीकडे पाठवीत आलीं तीं मात्र अंकांत. अंक वाचावयास संकेत ठाऊक असावा लागतो; खाचेंत लहर जशीची तशी असते, सुई फिरविणारा कोणी भेटला म्हणजे झालें.

आमची तबकडी आम्हीं टाकली नाहीं. कड लहरली असल्यामुळें पहिलें पद झोंके खातें व ऐकवत नाहीं. पण आंतल्या फेऱ्यांना ऊन तितकेंसें बाधलें नाहीं, आणि शेवटचीं दोन पदें नीट वाजतात. त्यांतल्या एका पदांत वडिलांच्या हातून पडलेला एक ओरखडा आहे. तेथें सुई एक अक्षर गिळून पुढें उडी घेते. चिरंजीव तेंच पद मोबाइलवर लावतात तेव्हां तें अक्षर स्पष्ट ऐकूं येतें, आणि आम्ही दर वेळीं दचकतों.