चिवट पाठदुखी आणि उपचारांची निवड

भाताची लावणी, शेतातील खुरपणी, ऊसतोडीतील मोळ्यांची चढउतार, बाजार समितीच्या आवारातील पोत्यांची हमाली, एस. टी. चालकाचा खडबडीत रस्त्यावरील रोजचा प्रवास आणि कचेरीतील लेखनिकाची दिवसभराची बैठक, या कामांमध्ये वरकरणी काहीच साम्य नाही. तथापि, ही कामे करणाऱ्यांची एक तक्रार मात्र समान असते, आणि ती म्हणजे पाठदुखी. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० साली जगातील ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखीचा त्रास होता. २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटी ३० लाखांवर जाईल, असा अंदाज आहे. माणसाला कामापासून दूर ठेवणाऱ्या विकारांत या विकाराचा क्रमांक पहिला लागतो.

पाठदुखीने सहसा प्राण जात नाहीत. परंतु रोजगार बुडतो, शेतीचा हंगाम हातचा जातो आणि उपचारांपायी घर कर्जबाजारी होते. पंचेचाळिशीतील एखाद्या शेतकऱ्याचे उदाहरण घ्यावे. ओझे उचलताना त्याची कंबर धरते. प्रथम तेलाची मालीश होते. मग पायाळू माणसाकडून पाठीवर लाथ मारून घेतली जाते. त्यानंतर औषधांच्या दुकानातील गोळ्या, तालुक्याच्या गावी इंजेक्शने, शहरात महागडी तपासणी, कमरेला पट्टा, आणि शेवटी शस्त्रक्रियेचा सल्ला, असा त्याचा प्रवास होतो. या प्रवासात कोठे थांबावे आणि कोठे मुळीच थांबू नये, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. हा निर्णय विचारपूर्वक कसा घ्यावा, याची माहिती गावातील जाणत्या मंडळींना असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

कण्याची रचना आणि दुखण्याचे स्वरूप

पाठीचा कणा एकावर एक रचलेल्या मणक्यांचा बनलेला असतो. मणक्यांच्या मध्ये लवचिक चकत्या असतात. त्या धक्के सोसतात आणि कण्याला वाकू देतात. कमरेच्या भागात पाच मणके असून शरीराच्या वरच्या भागाचा बहुतेक भार त्यांच्यावर पडतो. या मणक्यांना स्नायू आणि अस्थिबंध यांचा आधार असतो, तर कण्याच्या पोकळीतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या शाखा पायांपर्यंत पोहोचतात.

कंबरदुखीच्या सुमारे ९० टक्के रुग्णांमध्ये दुखण्यामागे एखादा निश्चित रोग किंवा इजा दाखविता येत नाही. याचा अर्थ दुखणे खोटे असते असा नव्हे. स्नायू, सांधे, चकत्या, झोप, मनावरील ताण आणि कामाची पद्धत या सर्वांचा त्यात वाटा असतो. उसण भरल्यानंतरचे बहुतेक दुखणे काही आठवड्यांत ओसरते. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारे दुखणे मात्र चिवट समजले जाते. अशा दुखण्यात हाडामांसाची इजा भरून आल्यानंतरही मज्जासंस्था अतिसंवेदनशील राहू शकते. त्यामुळे वेदना म्हणजे प्रत्येक वेळी नवी इजाच, असे समजण्याचे कारण नाही. एवढे उमगले तरी रुग्णाची निम्मी भीती कमी होते.

धोक्याची लक्षणे

थोड्या रुग्णांच्या बाबतीत पाठदुखीमागे गंभीर रोग दडलेला असतो. लघवी किंवा शौचावरील ताबा सुटणे, लघवी तुंबणे, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, अथवा पायांतील शक्ती झपाट्याने कमी होणे, ही लक्षणे दिसताच रुग्णाला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. येथे काही तासांचा विलंबही कायमचे अपंगत्व आणू शकतो.

पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेले तीव्र दुखणे, पूर्वी कर्करोग झालेल्या व्यक्तीची नवी पाठदुखी, तसेच वयस्कर व्यक्तींना, विशेषतः स्त्रियांना, किरकोळ धक्क्याने झालेली इजा यांचीही तपासणी विनाविलंब व्हावयास हवी. उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असल्यास मणका अल्पशा आघातानेही दबला जातो.

आपल्या देशात आणखी एका रोगाकडे विशेष लक्ष दिले पाहिजे, आणि तो म्हणजे मणक्याचा क्षयरोग. इंग्लंडमधील शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये त्याचे वर्णन केले होते. कित्येक आठवडे हटत नसलेली आणि रात्रीही न थांबणारी पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, घटत जाणारे वजन, पाठीवर दिसू लागलेला उंचवटा ही त्याची लक्षणे होत. रुग्णाला खोकला असतोच असे नाही. म्हणून खोकला नाही यावरून क्षयरोग नाही, असे ठरवू नये. वेळीच ओळखल्यास हा रोग बहुधा औषधांनी बरा होतो. उशीर झाल्यास पायांतील शक्ती जाण्याची भीती असते. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाखाली तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात, आणि उपचार चालू असताना पोषणासाठी देण्यात येणारे साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० रुपयांवरून १,००० रुपये करण्यात आले आहे.

तपासणीचा अहवाल आणि त्याचा अर्थ

धोक्याची लक्षणे नसताना पहिल्या काही आठवड्यांत क्ष-किरण किंवा एम. आर. आय. तपासणीची सहसा आवश्यकता नसते. अहवालात ‘चकती सरकली’, ‘मणक्यात झीज’, ‘गादी दबली’ असे शब्द वाचून रुग्ण हबकून जातो. परंतु असे फेरफार निरोगी माणसांतही आढळतात. अमेरिकेत १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पाठ मुळीच दुखत नसलेल्या ९८ व्यक्तींची एम. आर. आय. तपासणी करण्यात आली. त्यांपैकी ५२ टक्के व्यक्तींची किमान एक चकती फुगलेली दिसली. केस पिकावेत तशी वयोमानाप्रमाणे चकत्यांची झीज होते. म्हणून उपचार अहवालावर नव्हे, तर रुग्णाची लक्षणे व शारीरिक तपासणी यांच्याशी अहवाल जुळतो किंवा नाही, हे पाहून ठरविले पाहिजेत.

विश्रांती नव्हे, हालचाल

पाठ दुखू लागली की आठ-पंधरा दिवस फळीवर पडून राहावे, हा जुना सल्ला आता मागे पडला आहे. फिनलंडमधील हेलसिंकी शहराच्या १८६ कर्मचाऱ्यांवर केलेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सोसेल तेवढे नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे कर्मचारी अंथरुणावर पडून राहिलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले. स्पेनमधील ३१३ रुग्णांवर केलेल्या २००३ च्या अभ्यासात अतिशय कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी अधिक हितकारक ठरली. एक-दोन दिवस त्रास फार असल्यास पडून राहण्यास हरकत नाही. मात्र त्याहून अधिक विश्रांतीने स्नायू दुर्बळ होतात.

चालणे हा उपाय तर कोणालाही परवडणारा आहे. ऑस्ट्रेलियातील ७०१ व्यक्तींवर केलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, टप्प्याटप्प्याने चालणे वाढविणाऱ्यांना पाठदुखी पुन्हा उद्भवेपर्यंत मध्यमानाने २०८ दिवस मिळाले; इतरांच्या बाबतीत हा काळ ११२ दिवसांचा होता. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालणे, हे त्या व्यक्तींसमोरील उद्दिष्ट होते. शेतात दिवसभर वाकून राबणाऱ्याला निराळा व्यायाम कशाला, असा प्रश्न विचारला जातो. परंतु एकाच प्रकारच्या कामाने तेच स्नायू शिणतात आणि इतर स्नायू दुबळे राहतात. म्हणून पाठ व पोट यांच्या स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम किंवा योगासने जाणकाराच्या देखरेखीखाली शिकून ती नियमितपणे करावीत.

उपचारांसाठी कोठे जावे?

धोक्याची लक्षणे नसल्यास पहिली पायरी गावालगतचीच असावी. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी प्राथमिक तपासणी करू शकतात. ई-संजीवनी सेवेद्वारे दूरच्या डॉक्टरांचा सल्लाही घेता येतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले आहेत.

सहा आठवड्यांत उतार न पडल्यास, किंवा कमरेतून पायाकडे कळ जात असल्यास, ग्रामीण, उपजिल्हा अथवा जिल्हा रुग्णालयातील अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. या पायरीवर भौतिकोपचाराचे, म्हणजेच फिजिओथेरपीचे महत्त्व मोठे आहे. मुंबईत हाजी अली येथे या क्षेत्रातील अखिल भारतीय संस्था १९५५ पासून कार्यरत आहे. जिल्हा रुग्णालये आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालये यांच्या रुग्णालयांत ही सेवा सामान्यतः उपलब्ध असते. यंत्राचा शेक घेऊन घरी परतणे म्हणजे भौतिकोपचार नव्हे. घरी करावयाचे व्यायाम शिकून घेणे हा त्याचा गाभा होय.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये चिवट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. रुग्णशिक्षण, व्यायाम, मालीश व हस्तोपचार, मानसोपचाराच्या काही पद्धती आणि गरजेप्रमाणे सूज कमी करणारी वेदनाशामके यांचा त्यांत पुरस्कार आहे. उलट कमरेचे पट्टे, वजने लावून दिला जाणारा ताण आणि अफूवर्गीय वेदनाशामके यांचा नेहमीच्या उपचारांत वापर करू नये, असे त्यांत म्हटले आहे. वेदनाशामक गोळ्याही दीर्घकाळ मनाने घेऊ नयेत. त्यांनी जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडांना अपाय होतो.

घरगुती आणि पारंपरिक उपाय

मिठाचा किंवा विटेचा शेक, निर्गुंडीचा पाला, तिळाच्या तेलाची हलकी मालीश यांनी आराम वाटत असेल, तर त्यांस आक्षेप घेण्याचे कारण नाही. आयुर्वेदात कटिग्रह आणि गृध्रसी या नावांनी या विकारांचा विचार केलेला आहे. ते उपचार नोंदणीकृत वैद्यांकडूनच घ्यावेत. परंतु पाठीवर पाय देऊन उभे राहणे, जोराने झटका देणे, लाथ मारणे अथवा डाग देणे हे प्रकार बंद झाले पाहिजेत. मणका क्षयाने पोखरलेला किंवा वार्धक्याने ठिसूळ झालेला असेल, तर एकाच आघाताने तो मोडू शकतो. नाव-गाव नसलेल्या पुड्या घेऊन दोन दिवसांत आश्चर्यकारक गुण येत असेल, तर त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असण्याचा संशय घ्यावा.

शस्त्रक्रियेचा निर्णय

केवळ कंबर दुखते म्हणून शस्त्रक्रियेची गरज क्वचितच लागते. चकतीमुळे मज्जातंतू दाबला जाऊन पायात असह्य कळ येत असेल, तर तिचा विचार केला जातो. नेदरलँड्समधील २८३ रुग्णांचा अशा कळेबाबतचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांना आराम लवकर पडला. तथापि वर्षअखेरीस दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झालेले होते. थांबण्याचा पर्याय ज्यांना देण्यात आला, त्यांपैकी ३९ टक्के रुग्णांवर पुढे शस्त्रक्रिया झाली, हेही ध्यानात ठेवावे. तात्पर्य, पायाची शक्ती कमी होत नसेल, तर विचार करण्यास अवधी असतो. शस्त्रक्रियेने नेमके कोणते दुखणे कमी होईल, ती न केल्यास काय होईल आणि एकूण खर्च किती, हे तीन प्रश्न रुग्णाने अवश्य विचारावेत व दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची व्याप्ती वाढवून राज्यातील सर्व कुटुंबांना वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. आपला उपचार योजनेत बसतो किंवा नाही, याची चौकशी संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधीच करावी.

स्त्रियांच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात उपस्थित झाला आणि शासनाने चौकशी समिती नेमली. केवळ कंबर दुखते, एवढ्याच कारणावरून गर्भाशय काढणे योग्य नव्हे. मोळी, हंडा आणि पाटी वाहणाऱ्या स्त्रीच्या कंबरदुखीचे कारण पुष्कळदा तिच्या डोक्यावरील ओझ्यातच सापडते.

गावाचे कर्तव्य

यातूनच स्थानिक संस्थांचे कार्य स्पष्ट होते. पाण्याचा नळ घराजवळ आणणे, उभ्याने चालविता येणारी हातकोळपी व लांब दांड्याची अवजारे उपलब्ध करून देणे, पोत्यांचे वजन मर्यादित ठेवण्याचा आग्रह धरणे, हेही आरोग्यकार्यच आहे. शाळेच्या दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असा आदेश राज्य शासनाने २०१५ मध्ये काढला. त्याचे पालन शिक्षकांच्याच हाती आहे. कार्यालयप्रमुखांनी कर्मचाऱ्यांना तासाभराने उठून दोन मिनिटे चालण्याची मुभा द्यावी.

धोक्याच्या लक्षणांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्यास आणि ती ग्रामसभेत एकदा वाचून दाखविण्यास खर्च येत नाही. त्या वाचनामुळे मणक्याच्या क्षयाचा एक रुग्ण जरी पाय लुळे पडण्यापूर्वी आरोग्य केंद्रात पोहोचला, किंवा एका कुटुंबाची जमीन नको असलेल्या शस्त्रक्रियेपायी गहाण पडण्याची टळली, तरी ते वाचन सार्थकी लागले असे म्हणता येईल.