सारथ्याचें अवधान

मध्यंतरीं आठवीच्या वर्गांत मीं फळ्यावर एक साधें उदाहरण घातलें. एक मोटारसायकल ताशीं ५४ किलोमीटर वेगानें चालली आहे. मोबाईलवर कोणाचें नांव उमटलें आहे हें पाहण्यासाठीं चालकानें चार सेकंद मान खालीं घातली. तेवढ्यांत गाडी किती अंतर जाईल? मुलांनीं चटकन उत्तर काढलें : ६० मीटर. मग आम्ही पटांगणांत ६० मीटर मोजले व एका मुलास तितकें अंतर डोळे मिटून चालावयास सांगितलें. समोर कांहींच अडथळा नव्हता; तरी दहा-बारा पावलांतच तो थबकला आणि त्यानें डोळे उघडले. पायीं चालतांना जें धैर्य होत नाहीं, तें वाहनावर बसल्यावर कसें होतें, याचाच येथें विचार करावयाचा आहे.

आपल्या शेंदूरजनाघाटांत हें दृश्य नित्याचें आहे. संत्र्याचा बहार तुटूं लागला, कीं बागवान मोटारसायकलवर वरूडकडे निघतो. फोन खांदा व कान यांमध्यें दाबलेला असतो, किंवा डोक्याच्या दुपट्ट्यांत खोंचलेला असतो. आणि चालत्या गाडीवरच व्यापाऱ्याशीं भावाची घासाघीस सुरू असते. मागून माल भरलेली पिकअप येते. तिचा चालकही बोलतच असतो. हटकल्यास उत्तर ठरलेलें : "रोजचाच रस्ता आहे ना जी, एका मिनिटाचं काम होतं."

हे लोक अविचारी आहेत असें मात्र समजूं नये. अमेरिकेंतील मोटारचालकांच्या संघाची संशोधनसंस्था चालकांचीं मतें वेळोवेळीं विचारते. वाहन चालवितांना संदेश वाचणें अतिशय धोक्याचें आहे, असें दहांपैकीं नऊंहून अधिक जण सांगतात. आणि सुमारें एक तृतीयांश जण आपण तेंच केल्याचें कबूल करतात. म्हणजे उणीव ज्ञानाची नाहीं. धोका आहे तो इतरांना, आपला हात बसलेला आहे, अशी प्रत्येकाची समजूत असते.

आपले आजोबा बैलगाडीनें बाजारास जात, वाटेनें गप्पा मारीत, प्रसंगीं डुलकीही घेत. तरी गाडी सुखरूप घरीं येई; कारण वाट बैलांस ठाऊक असे. गाडीवानाचें अवधान सुटलें, तरी बैलांचें सुटत नसे. यंत्राला डोळे नाहींत. तेथें अवधान ठेवणारा एकटा चालकच.

हें मी अनुभवानें शिकलों आहें. एकदां सायंकाळीं वरूडहून परत येतांना माझा फोन वाजला. मुलगी विचारीत होती, "बाबा, केव्हां येतां?" मी बोलूं लागलों. डोळे रस्त्यावरच होते. तरीही डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन कडेनें चाललेली एक वृद्धा मला दिसली नाहीं. भारा हँडलला लागून खालीं पडला, तेव्हां दिसली! तिला इजा झाली नाहीं, ही तिची नव्हे, माझी पुण्याई. भारा पुन्हां उचलून देतांना माझे हात कांपत होते.

उघड्या डोळ्यांस माणूस कसें दिसत नाहीं? कारण पाहतें तें मन. तें संभाषणांत गुंतलें, कीं डोळ्यांपुढील वस्तूही त्याच्यापर्यंत पोंचत नाहीं. १९९७ सालीं रेडेलमायर व तिबशिराणी या संशोधकांनीं कॅनडांतील टोरांटो येथें अपघातांत सांपडलेल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. बोलण्याच्या वेळीं अपघाताचा संभव सुमारें चौपट होतो, असें त्यांस आढळलें. फोन हातांत न धरतां बोलणारेही अधिक सुरक्षित ठरले नाहींत. शेजारीं बसलेला सोबती वळण येतांच आपोआप गप्प होतो. फोनवरील माणसास वळण दिसतच नाहीं.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं दुरुस्ती झाली. त्याच्या १८४ व्या कलमांत, वाहन चालवितांना फोन हातीं धरून वापरणें हें धोकादायक रीतीनें वाहन चालविण्यांत गणिलें आहे. पहिल्या अपराधास सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. परंतु शिपाई प्रत्येक वळणावर उभा नसतो. संवय मात्र प्रत्येक वळणावर बरोबर असते.

मुलांनो, तुम्ही अद्यापि वाहन चालवीत नाहीं. मग हा पाठ तुम्हांस कशाला? त्या सायंकाळीं फोन उचलण्याचा दोष माझा होता; पण फोन करणारी माझीच मुलगी होती. वडिलांच्या खिशांत वाजणारा फोन पुष्कळदां तुमचाच असतो. म्हणून आधीं विचारा, "गाडीवर आहां का?" होय म्हटल्यास तत्क्षणीं फोन ठेवा. मागें बसलां असल्यास वडिलांचा फोन आपल्याजवळ मागून घ्या. फारच निकड असेल, तर गाडी झाडाखालीं थांबवावयास सांगा. संत्र्याचा भाव पांच मिनिटांनीं कळला तरी चालतो. आमच्या घरीं आतां "केव्हां येतां?" असें कोणी विचारीत नाहीं. उशीर झाला तर दिवा लावून वाट पाहतात.