घोडं बरोबर असेल तर मुक्काम कुठं टाकायचा?

दिवाळी उरकली की पुणे-सातारा भागातल्या रस्त्यांवर एक ओळखीचं दृश्य दिसू लागतं. घोड्याच्या पाठीवर भांडी, घोंगडी, धान्याची बाचकी, वर बांधलेल्या कोंबड्या, मध्येच एखादं चिमुकलं पोर आणि पोत्यातून डोकं बाहेर काढून बघणारं कोकरू. लगाम धरून पुढे चालणारी बाई. मेंढरं मात्र बहुधा रस्त्यावर नसतात. ती पुरुषमाणसांबरोबर रानातून चरत चरत येत असतात. हा धनगरांचा वाडा. माण, खटाव, फलटण, बारामती, इंदापूर अशा कमी पावसाच्या पट्ट्यातून हे वाडे निघतात, मावळ-मुळशी-भोरकडे सरकतात, काही घाट उतरून थेट कोकणात जातात आणि पाऊस लागायच्या आत माघारी फिरतात.

आपण गाडीच्या काचेतून बघतो, एखादा फोटो काढतो आणि पुढे जातो. आजच्या पाठात मात्र त्या लगाम धरलेल्या बाईपुढे रोज उभा राहणारा प्रश्न आपल्याला सोडवायचा आहे. आज रात्री घोडं कुठं बांधायचं?

प्रश्न सोपा वाटतो. माणसाला काय, अंग टाकायला हातभर जागा पुरते. घोड्याला ती पुरत नाही, आणि का पुरत नाही हे कळायला आधी त्याचं शरीर समजून घ्यावं लागेल.

गाय-म्हैस भराभर खाऊन घेते आणि मग निवांत बसून रवंथ करते. घोडा रवंथ करत नाही. त्याचं जठर अंगाच्या मानानं लहान असतं, त्यामुळे त्याला थोडं थोडं पण सारखं खावं लागतं. कुरणात मोकळा सोडलेला घोडा दिवसरात्रीतले सोळा तासही चरण्यात घालवू शकतो. म्हणजे वाडा झोपला तरी घोड्याचं जेवण चालूच. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची: घोड्याला उलटी करता येत नाही. नको ते पोटात गेलं तर ते तोंडावाटे परत येत नाही. पोटशूळ उठतो आणि त्यात जनावर दगावूही शकतं. म्हणून तळाच्या जागेवर पोचल्यावर जाणती माणसं आधी खाली बघतात. इथं काय उगवलंय?

हरळी असेल तर उत्तम. कुसळी गवत पिकून वाळलेलं असेल तर त्याची टोकदार कुसळं घोड्याच्या हिरड्यांत, जिभेत रुततात. धोत्रा आणि घाणेरी विषारी. सगळ्यात फसवी म्हणजे कण्हेर. तिचं पान, फूल, साल, सगळंच विषारी. थोड्याशा पाल्यानंही घोडा मरू शकतो. आणि आपण ही कण्हेर कुठे कुठे लावतो? महामार्गाच्या दुभाजकावर, पेट्रोल पंपाच्या कुंपणाला, बंगल्यांच्या कडेला. जनावरं तिला सहसा तोंड लावत नाहीत म्हणूनच तर ती लावली जाते. पण दिवसभर चालून भुकेलेलं, कुंपणालगत आखूड दोरीनं बांधलेलं घोडं काय करील याची खात्री कुणी द्यावी? छाटणी करून टाकलेली सुकी पानंही तितकीच घातक असतात.

आता थोडं गणित करू. वाड्याबरोबरचं घोडं उंचीनं लहान आणि काटक असतं. भीमेच्या खोऱ्यातल्या या घोड्यांना भीमथडी म्हणतात. मराठ्यांच्या फौजेत यांनीच दौड मारली, आणि अलीकडेच देशातली एक स्वतंत्र जात म्हणून तिची अधिकृत नोंदही झाली. हिशेबाला सोपं जावं म्हणून एका घोड्याचं वजन २५० किलो धरा. घोड्याला रोज आपल्या वजनाच्या साधारण दोन टक्के कोरडा चारा लागतो, म्हणजे ५ किलो. हिरव्या गवतात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, म्हणून हिरवं गवत द्यायचं तर ते २० किलोच्या पुढे जातं. पाणी रोज १५ ते २५ लिटर. ऊन आणि ओझं असेल तर आणखी जास्त. वाड्यात पाच घोडी आहेत असं समजा, सरासरी २० लिटर धरा आणि सांगा: १५ लिटरच्या हंड्यानं पाणी आणायचं तर किती खेपा? जवळजवळ सात. हे फक्त घोड्यांचं. मेंढरं, कुत्री, कोंबड्या, माणसं आणि चूल वेगळीच.

म्हणून पाणी घोड्याकडे आणत नाहीत, घोडं पाण्यावर नेतात. यावरून कुणी म्हणेल, मग सरळ ओढ्याच्या काठावरच मुक्काम टाकावा. तिथेच चूक होते. पाणी हाकेच्या अंतरावर हवं, पण पायाशी नको. काठाची जमीन ओली, डासांची आणि घोडमाश्यांची. रात्री गारठा तिथेच साठतो. शिवाय शेण-मूत पाण्यात उतरलं की खालच्या वस्तीचं पिण्याचं पाणी नासतं. अमेरिकेतल्या जंगलांत घोडे घेऊन फिरणाऱ्यांसाठी खास तळ आखलेले असतात. आखलेल्या तळाबाहेर मुक्काम करणाऱ्यांना तिथे घोडा पाण्यापासून २०० फूट, म्हणजे सुमारे ६० मीटर लांब बांधायला सांगतात. पश्चिमेकडच्या अनेक राज्यांत तर घोड्यासाठी नेलेल्या चाऱ्यात तणाचं बी नसल्याचा दाखला मागतात, कारण घोड्याच्या लिदीतून परकं तण जंगलात रुजू शकतं. तिथे असा तळ नकाशात सापडतो. आपल्याकडे तो नकाशात नसतो, माणसांच्या डोक्यात असतो. फरक तेवढाच, बाकी घोड्याचं पोट सगळीकडे सारखं.

जमिनीचं म्हणाल तर मुरमाड माळ सगळ्यात चांगला. पाणी मुरतं, खुंटा धरतो, खूर कोरडे राहतात. काळ्या रानात अवकाळी पाऊस झाला तर खूर रुततात, खुंटा उपटून येतो, आणि उन्हाळ्यात तिथंच एवढ्या भेगा पडतात की रात्री घोड्याचा पाय अडकावा. घोडा उभ्यानं डुलकी काढतो हे तुम्ही ऐकलं असेल. ते खरं आहे, पण गाढ झोपेसाठी त्यालाही थोडा वेळ आडवं व्हावं लागतं. म्हणजे दगड-काटे नसलेली, अंग टाकता येईल अशी जागा पाहिजेच.

दोरीतही भूमिती आहे बरं का! पाच मीटर दाव्यानं बांधलेला घोडा पाच मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो. क्षेत्रफळ काढा: सुमारे ७८ चौरस मीटर. दोन घोड्यांची वर्तुळं एकमेकांत शिरली की दावी गुंततात, घोडी बुजतात, लाथा बसतात. म्हणून दोन खुंट्यांत दहा मीटरहून जास्त अंतर लागणार. जागा कमी असली तर आगाडी-पिछाडी बांधतात, म्हणजे पुढून आणि मागून दोन्हीकडून. चरायला सोडायचं तर पुढच्या पायांना पायबंद घालतात. घोडं सावकाश चरत राहतं, पण लांब पळत नाही. आगाडी, पिछाडी, पायबंद, खुंटा, तोबरा, चंदी, खरारा, नाल... मराठीत घोड्याभोवती शब्दांचा केवढा ताफा आहे बघा. यातले किती शब्द तुमच्या घरात कुणी वापरतं, ते विचारून या.

इथवर झाली निसर्गाची बाजू. पण एवढं सगळं जुळूनही तळ पक्का होत नाही, कारण जमीन कुणाची तरी असते.

मेंढरांच्या बाबतीत जुना व्यवहार आहे. पीक निघालेल्या रानात रात्री मेंढरं बसवायची. लेंड्या आणि मूत थेट मातीत पडतं, शेतकऱ्याला घरपोच खत मिळतं. बदल्यात तो धान्य देतो किंवा पैसे. कोकणात भातकापणीनंतर खाचरं मोकळी होतात, तिथं हाच व्यवहार तांदळावर चालत आला आहे. यात दोघांचाही फायदा, त्यामुळे मेंढरांचं स्वागत होतं. घोड्याकडे मात्र शेतकरी जरा संशयानंच बघतो. दावं सुटलं तर रात्रीत शेजारच्या हरभऱ्यात शिरेल, ही त्याची भीती काही खोटी नाही. म्हणून घोड्याचा खुंटा मेंढरांच्या वाघरीपासून किती लांब, बांधाच्या कोणत्या बाजूला, पाण्याची वाट कुणाच्या शेतातून, हे बोलून ठरवावं लागतं. पुढे जाऊन रानमालकाशी बोलणं बहुधा पुरुष करतात. पण बिऱ्हाड घेऊन तळावर आधी पोचतात त्या बाया. चूल कुठं, घोडं कुठं, कोकरांचं डालगं कुठं, हे प्रत्यक्षात त्याच ठरवतात. भूगोलाच्या पुस्तकात ‘वसाहतीचे स्थान’ शिकवताना आपण पाणी, जमीन, चढ-उतार, संरक्षण असे घटक पाठ करतो. ही माणसं तो धडा दर दोन-चार दिवसांनी नव्यानं सोडवतात, आणि उत्तर चुकलं तर गुण जात नाहीत, जनावर जातं.

घोड्यांचा तळ आणि शेतकरी यांच्यातला हा ताण जुना आहे. शिवाजी महाराजांनी १६७३-७४च्या सुमारास चिपळूणजवळच्या दळवटणे इथल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी घोडदळाची छावणी तिथं पडणार होती. त्या पत्राचा आशय थोडक्यात असा: दाणा-वैरण आत्ताच उधळलीत तर भर पावसात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल, कुणाचं धान्य, कुणाचं गवत, कुणाची भाजी ओढून आणाल, आणि लोकांना वाटेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. पुढे आगीची ताकीद आहे. गवताच्या गंजीजवळ चूल नको, तंबाखू ओढणं नको, रात्री दिवा उघडा ठेवू नका, नाहीतर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सगळं गवत जळेल. राज्य चालवणारा माणूस उंदराचाही विचार करतो आहे! हे पत्र आपण ‘रयतेचा राजा’ या मुद्द्याखाली शिकतो, ते योग्यच आहे. पण एकदा तळाचे नियम म्हणूनही वाचून बघा. चाऱ्याचा हिशेब, आगीपासून अंतर, शेजाऱ्याशी वागणूक, सगळं त्यात आहे.

आता आजचं चित्र बघू. वाड्यांच्या वाटा त्याच आहेत, तळ मात्र एकेक करून बुजत चाललेत. पूर्वी सुगीनंतर रान मोकळं व्हायचं. कालव्याचं पाणी आलं तिथं बारमाही ऊस उभा राहिला. उसाच्या कडेला घोडं बांधायचं तर बिबट्याची भीती. जुन्नर-आंबेगाव भागात बिबटे उसातच पिल्लं वाढवतात आणि शिंगरू त्यांना सोपं सावज. माळावर प्लॉट पडले, त्याला तारेचं कुंपण. ओढ्याकडे जाणारी वाट बंद झाली. गायरानांवर अतिक्रमणं झाली. सार्वजनिक जमिनींवरची अशी अतिक्रमणं हटवा, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०११मध्ये जगपाल सिंग खटल्यात राज्यांना बजावलं. २००६चा वनहक्क कायदा तर भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य करतो. पण हक्क मागायला माणूस एका जागी सापडावा लागतो. अर्ज, पुरावे, ग्रामसभेचा ठराव, ही सगळी व्यवस्था गावात घर असणाऱ्यांना समोर ठेवून बनलेली. ज्याचा पत्ता दर आठवड्याला बदलतो त्यानं कोणत्या गावाच्या ग्रामसभेत हात वर करायचा?

परिणाम काय होतो, तर मुक्काम रस्त्याकडेला सरकतो. तिथं खुंटा ठोकायला डांबराची कड, चरायला धुळीनं माखलेलं गवत आणि दोन हातांवर सुसाट जाणारे ट्रक. काही वाडे घोडी विकून बिऱ्हाडासाठी टेम्पो करतात. टेम्पोला चारा लागत नाही, हे खरं. पण टेम्पो पायवाटेनं घाट उतरत नाही, आणि त्याचं भाडं रोख द्यावं लागतं.

करून बघा

तुमच्या गावाच्या शिवारात वाडा कुठे उतरतो किंवा पूर्वी कुठे उतरायचा, हे आजी-आजोबांना, गुराख्यांना, जुन्या शेतकऱ्यांना विचारा. गावाचा कच्चा नकाशा काढून त्यावर ती जागा दाखवा. तिथून पाणी किती पावलांवर, जमीन कशी, झाडं कोणती, रस्ता किती लांब, जागा खाजगी की गायरान, हे नोंदवा. कण्हेर दिसली तर लाल खूण करा. मग पाच घोडी बांधायला किती जागा लागेल ते वर दिलेल्या दाव्याच्या हिशेबानं काढा आणि तेवढी जागा तिथं आज उरली आहे का, ते टेपनं मोजा. वाडा आलेला असेल तर मोठ्या माणसाला बरोबर घेऊन जा आणि लांबूनच आवाज द्या. वाड्याची कुत्री अनोळखी माणसाला तळाजवळ येऊ देत नाहीत. घोड्याच्या मागच्या बाजूनं जाऊ नका. तिथल्या मावशींना विचारा, ही जागा का निवडली? त्या जी पहिली तीन कारणं सांगतील ती वहीत जशीच्या तशी, त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. वाड्यात तुमच्या वयाची मुलं असतील, तर ती सध्या कोणत्या गावच्या शाळेच्या पटावर आहेत तेही विचारा आणि मला कळवा. हंगामापुरतं त्यांना आपल्या वर्गात बसवून घेता येतं.