लंपनचं पाचवं पुस्तक

प्रश्न: 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' वाचून झाली. लंपनचं पाचवं पुस्तक येणार होतं, असं आमच्याकडे बोललं जातं. ते निघालं का? कुठं मिळेल?
– एक वाचक, निपाणी

उत्तर: नाही निघालं, तेव्हा बेळगावच्या दुकानांतले हेलपाटे वाचवा. लंपनच्या कथांची पुस्तकं चारच, चारही मौज प्रकाशनाची. लंपनचे लेखक प्रकाश नारायण संत 2003 साली गेले आणि लंपन तिथंच थांबला. 'चांदण्याचा रस्ता' हे त्यांचं आणखी एक पुस्तक आहे खरं, पण ते ललित लेखनाचं. त्याला पाचवं समजून घेऊ नका.

खरं तर पहिलं पुस्तक निघालं हेच नवल. लंपन साठच्या दशकात 'सत्यकथा' मासिकात आला आणि मग कितीतरी वर्षं गप्प बसला. संत, म्हणजे कागदोपत्री भालचंद्र गोपाळ दीक्षित, कराडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत होते. 'वनवास' निघालं 1994 साली, तेव्हा लेखक साठीकडे झुकलेले. 'शारदा संगीत' 1997चं, 'पंखा' 2001चं. साठच्या दशकातच कुणी पुस्तकाची जाहिरात केली असती, तर ती जाहिरात वाचणारी मुलं पुस्तक येईतो आईबाप झाली असती!

'झुंबर'मध्ये लंपनचे वडील जातात. संतांचे वडील, कवी नारायण संत, 1946 साली गेले, तेव्हा हा मुलगा जेमतेम नऊ वर्षांचा. आई कवयित्री इंदिरा संत. लंपनसारखेच तेही आजी-आजोबांकडे वाढले. वडील गेल्यानंतरचा लंपन त्याच भाबड्या सुरात बोलला असता का? मला शंका आहे. दुसऱ्या कुणी त्याच्या नावानं पाचवं पुस्तक लिहिलं नाही, हे बरंच झालं.

चित्रकथांचा नायक टिनटिन, त्याच्या शेवटच्या पुस्तकावरून असाच पेच पडला होता. त्याचे जनक हर्जे 1983 साली वारले, तेव्हा ते अर्धवट होतं. सहकारी बॉब द मूर पुरं करायला तयार होते, पण हर्जेंच्या पत्नी फॅनी यांनी अखेर नकार दिला. 1986 साली नुसती कच्ची रेखाटनं छापली. टिनटिनला जिवंतपणी पुतळा करून टाकायचा खलनायकाचा बेत, आणि ऐन तिथंच गोष्ट तुटते. पोरांच्या दृष्टीनं हा अन्यायच, पण मला तो मान्य आहे.

तरी लंपन आणखी हवाच असेल, तर 2024 साली निपुण धर्माधिकारींनी केलेली 'लंपन' ही वेब मालिका पाहा. मात्र ती याच पुस्तकांवरून केलेली आहे.