गवताचं काम माती करते

घरात कुत्रं किंवा मांजर आहे आणि गच्चीवर, बाल्कनीत किंवा बंगल्यापुढच्या चार हात जागेत कृत्रिम गवत अंथरायचं मनात आहे, अशांनी पैसे मोजण्यापूर्वी थोडं थांबावं म्हणून हे लिहितो आहे. या गवताचा मोह कुणालाही पडावा असाच आहे. माळी नको, कापणी नको, चिखल नाही आणि वैशाखातही सगळं हिरवंगार. दुकानदार स्क्वेअर फुटाचा भाव सांगतो, माणसं सकाळी येऊन रोल उलगडतात आणि दुपारपर्यंत सिमेंटच्या गच्चीची बाग झालेली असते. चूक होते ती एकाच ठिकाणी. गवत म्हणजे हिरवी पाती, असं आपण धरून चालतो. पण जनावर असलेल्या घरात गवताकडून जे हवं असतं, म्हणजे ओल शोषणं, घाण जिरवणं, पायाखालची जागा गार ठेवणं, ते काम माती, मुळं आणि मुळांतून वर चढणारं पाणी मिळून करतात. प्लॅस्टिकने पात्यांची नक्कल छान केली आहे. मातीची नक्कल त्यात नाहीच.

ही वस्तू मुळात कशासाठी रुजली, ते पाहिलं तर हे नीट कळतं. अमेरिकेत ह्यूस्टनला 1965 मध्ये अ‍ॅस्ट्रोडोम हे छप्पर असलेलं स्टेडियम सुरू झालं. आत खरं गवत होतं. छपराच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या झगझगाटात बेसबॉल खेळणाऱ्यांना उंच उडालेला चेंडू दिसेना, म्हणून तावदानं रंगवली. ऊन अडलं आणि गवत मेलं. 1966 मध्ये त्या जागी नायलॉनचं गवत आलं आणि स्टेडियमच्या नावावरूनच त्याला अ‍ॅस्ट्रोटर्फ म्हणू लागले. छपराखाली, बूट घालून, ठरावीक वेळ खेळणाऱ्या माणसांसाठी ती सोय होती. उघड्या पायांनी दिवसभर वावरणारं, तिथेच लोळणारं आणि तिथेच लघवी करणारं जनावर त्या हिशोबात कुठेच नव्हतं.

लघवीचा हिशोब आधी करू, कारण सगळ्यात जास्त पस्तावा त्याचाच होतो. लॅब्रॅडॉरच्या अंगाचं निरोगी कुत्रं दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर लघवी करतं. फिरायला नेल्यावर निम्मी बाहेर झाली असं धरलं, तरी महिन्याला सात-आठपासून पंधरा लिटरपर्यंत त्या गवतावर पडते. लघवीत युरिया असतो. जिवाणू तो फोडतात आणि अमोनिया तयार होतो. नाकात झोंबतो तो वास त्याचाच. मातीत ही गोष्ट इथेच थांबत नाही. तिथले दुसरे जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात, मुळं ते पिऊन टाकतात आणि घाणीचं खत होतं. आता कृत्रिम गवताचा एखादा वापरलेला तुकडा उलटा करून पाहा. वरच्या लांब पात्यांच्या बुडाशी पिवळट कुरळ्या धाग्यांचं जाळं असतं, त्याखाली काळी रबरासारखी पाठ आणि तिच्यात अर्ध्या वितीच्या अंतरावर मुगाच्या दाण्याएवढी भोकं. भोकावर पडलं तेवढं खाली जातं. बाकीचं त्या कुरळ्या धाग्यांत, केसांच्या गुंत्यात आणि वरून भरलेल्या वाळूत अडकतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि अमोनिया पुढे नेऊन संपवणारं तिथे काहीच नसतं. कोरड्या दिवसांत वास दबतो. हवा दमट झाली, एखादी सर पडली की पुन्हा उसळतो. भोकांतून खाली गेलेलं तरी कुठे जातं? फरशी आणि पाठ यांच्यामधल्या, ऊन-वारा न लागणाऱ्या फटीत.

यावर दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं. हे ‘पेट-फ्रेंडली’ आहे, जंतू धरत नाही, पाइप मारला की स्वच्छ. धाग्याला जंतुरोधक लेप असेलही, पण महिन्याभरात त्या धाग्यावर धूळ, केस आणि कोंड्याचा थर बसतो आणि जंतू त्या थरावर वाढतात. लेपाचा त्यांच्याशी संबंधच येत नाही. काही जण वाळूऐवजी झिओलाइट या खनिजाचे दाणे भरतात. ते अमोनियम धरून ठेवतात, हे खरं आहे. मात्र त्यांची धरण्याची ताकद मर्यादित असते. ती भरली की दाणे मिठाच्या पाण्याने धुवावे लागतात किंवा बदलावे लागतात, आणि हे विकताना कुणी सांगत नाही. मग हताश होऊन माणूस फिनेलची बाटली उचलतो. इथे मात्र मी हात जोडून सांगेन, तसं करू नका. मांजराच्या यकृताला फिनॉलच्या जातीची रसायनं नीट निकामी करता येत नाहीत, आणि मांजर दिवसभर पंजे चाटत असतं. ब्लीच तर त्याहून वाईट, कारण लघवीतल्या अमोनियाशी संयोग होऊन त्यातून क्लोरामाइन हा विषारी वायू निघतो. तो त्या जनावराच्या नाकात जातो आणि घासणाऱ्याच्याही.

उन्हाचा प्रश्न वासाइतका बोलला जात नाही, पण जिवाला घोर लावणारा तोच आहे. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने 2002 मध्ये आपल्या मैदानांवर मोजमाप केलं. सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंतची सरासरी अशी निघाली: खरं गवत सुमारे 26 अंश सेल्सिअस, डांबर 43, आणि कृत्रिम गवत 47. म्हणजे डांबरी रस्त्याहूनही तापलेलं. पाणी मारून पाहिलं, तेव्हा 79 अंशांवरून ते 29 वर आलं. पण पाच मिनिटांत 49 आणि वीस मिनिटांत पुन्हा 73 अंश. ती खेळाची मैदानं होती, घरच्या पातळ गवताला हे आकडे लावू नयेत, असं कुणी म्हणेल. काही अंश कमी होतील, मान्य. पण कारण बदलत नाही. खऱ्या पात्यातून पाणी उडत असतं, म्हणून ते गार राहतं. प्लॅस्टिकला ती सोय नाही, आणि नागपूर-जळगावच्या मे महिन्यात त्याच्याखाली तापलेला स्लॅबही असतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकून आणि गार जमिनीला पोट टेकून अंग निववतं. ती गार जमीनच आपण काढून घेतो.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगतो. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदराच्या आणि बाधित कुत्र्याच्या लघवीतून येतात, ओलीत तग धरतात, जागा सुकली की मरतात. उघडी फरशी दोन सरींच्या मध्ये सुकते, गवताखालची सुकत नाही. कुत्र्याची गोचीड आयुष्याचा बराच काळ त्याच्या अंगावर नसून फटींत, कडेकपारीत काढते आणि मादी एका वेळी हजारो अंडी घालते. गवताच्या दुमडलेल्या कडा तिला आयत्याच मिळतात. गच्चीचा उतार आणि मोरीची जाळी वाळूने तुंबली, तर खालच्या मजल्यावर ओल उतरते ती वेगळीच. आणि एक, ज्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं: कुत्री-मांजरं गवत चावतात, ती त्यांची उपजत सवय आहे. खरं पातं पोटातून निघून जातं किंवा उलटून पडतं. प्लॅस्टिकचे धागे आतड्यात अडकू शकतात, आणि एक्स-रेमध्ये प्लॅस्टिक पुष्कळदा दिसत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप पाण्याचा आहे, आणि तो मी मनापासून मानतो. जिथे टँकरची वाट पाहावी लागते तिथे लॉन पोसणं शोभत नाही. पण जनावराच्या घरात कृत्रिम गवतही पाण्यावाचून चालत नाही; वास आवरायला ते वरचेवर भिजवून धुवावंच लागतं, आणि ते पाणी एकाही मुळाला न लागता मोरीत जातं. दुसरा आक्षेप असा, की खऱ्या गवतावरही कुत्र्याच्या लघवीने पिवळे डाग पडतात. पडतात. असा डाग जवळ जाऊन पाहा: मध्ये जळकं वर्तुळ आणि भोवती इतर गवताहून गडद हिरवं, जोमाने वाढलेलं कडं. मध्ये नायट्रोजन फार झाला म्हणून गवत जळलं, कडेला बेताचा मिळाला म्हणून तेच खत झालं. लगेच तांब्याभर पाणी ओतलं तर मधलाही भाग बहुधा वाचतो.

मग करायचं काय? सगळी जागा हिरवी करण्याचा हट्ट सोडावा. बरीचशी जागा उताराच्या शहाबादीची किंवा चिप्सची ठेवावी, दुपारच्या सावलीसाठी शेड नेट बांधावं आणि एका कोपऱ्यात मातीची सोय करावी. तीन फूट बाय दोन फुटांचे, वीतभर खोल दोन ट्रे घ्या, त्यांत माती आणि कोकोपीट भरा आणि हरळी लावा. हरळी म्हणजेच आपण गणपतीला वाहतो ती दूर्वा. तुडवली, कापली तरी पुन्हा फुटते. एक ट्रे वापरात, दुसरा विश्रांतीला, आठवड्याला अदलाबदल. मांजराला चघळायला कुंडीत मूठभर गहू पेरले की पुरे.

ज्यांनी आधीच कृत्रिम गवत टाकलं आहे, त्यांनी प्रथम एक कोपरा उचलून खाली नाक न्यावं. ते डिंकाने चिकटवलेलं असेल तर सोडवून घ्या, म्हणजे दर आठवड्याला उलटं करून उन्हात टाकता येईल. वासासाठी एन्झाइमचं क्लीनर वापरा. ते शिंपडून लगेच धुऊ नका, ओलं राहील तेवढा वेळ ते काम करतं. उन्हाळ्यात जनावर सोडण्याआधी हाताची पालथी बाजू गवतावर टेका, सात सेकंद ठेववली नाही तर दार लावून घ्या. जागा बदलताना कुत्रं काही दिवस गोंधळतं, चुकीच्या ठिकाणी बसतं; तेव्हा ओरडू नका. त्याची लघवी टिपलेल्या कापडाचा एक बोळा नव्या ट्रेच्या मातीत पुरून ठेवा, वास हुंगत ते बहुधा आपणहून तिकडे वळतं.